मागण्याची तालीम

१६१० सालच्या मार्च महिन्यात व्हेनिसमध्ये गॅलिलिओचं एक छोटंसं पुस्तक छापून बाहेर पडलं, 'सिडेरियस नुन्शियस'. दुर्बिणीतून दिसलेले चंद्रावरचे डोंगर, आकाशगंगेतले असंख्य तारे आणि गुरूभोवती फिरणारे चार नवे 'तारे' यांची हकिगत त्यात आहे. या पुस्तकाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातली एक बारीकशी गोष्ट आवडते. पुस्तक टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो दुसरा याला अर्पण केलेलं आहे, आणि त्याच्याच नावावरून गॅलिलिओ गुरूच्या चंद्रांना 'कॉस्मिका' म्हणणार होता. ड्यूकचे सचिव बेलिसारियो व्हिंता यांनी कळवलं की हे नको. 'कॉस्मिका' वाचून लोकांना कोसिमो आठवणार नाही, नुसतं विश्व आठवेल; मेदिची घराण्याचं नाव सरळ घाला. तोवर सुरुवातीची पानं छापून झाली होती. मग त्या शब्दावर 'मेदिचिया' असं छापलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. त्याच उन्हाळ्यात गॅलिलिओला फ्लॉरेन्सच्या दरबारात नेमणूक मिळाली. वर्षाला हजार स्कुदी, आणि शिकवण्याचं बंधन नाही.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला या कागदाच्या पट्टीबद्दल सांगते. बहुतेक जण हसतात. एखादा चिडतो, "म्हणजे चमचेगिरीच की, मॅडम!" मी त्याला नाही म्हणत नाही. पण गॅलिलिओने मागितलं काय, हेही पाहायला सांगते. पाडुआच्या विद्यापीठात अठरा वर्षं शिकवून, घरी खाजगी शिकवण्या घेऊन, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या देऊन, वर गणिती उपकरणं विकून हा माणूस बहिणींच्या हुंड्याचे हप्ते फेडत होता. त्याला वेळ हवा होता. वेळेला किंमत असते आणि ती कोणाकडून तरी घ्यावी लागते, हे त्याने ओळखलं. दुसरं म्हणजे, पैसे देणाऱ्याच्या कचेरीतून आलेली सूचना त्याने ऐकली. गुरूचे चंद्र होते तसेच राहिले, बदललं फक्त नाव. (तेही टिकलं नाही, आज त्यांना कोणी मेदिचींचे तारे म्हणत नाही.)

माझा विषय रसायनशास्त्र. पण गेली काही वर्षं संशोधनाचा प्रकल्प कसा मांडायचा, त्यासाठी पैसे कसे मागायचे, मिळाले तर कसे सांभाळायचे, हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून आलं. वेळापत्रकात शनिवारची दुपार मिळाली, त्यावरून त्याची प्रतिष्ठा कळेल. शिकवायला पुस्तक शोधू लागले तेव्हा हाताशी आले ते 'यशस्वी प्रस्तावाची दहा सूत्रं' छापाचे ग्रंथ. त्यातलं एकही आपल्या लेखा विभागाच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. म्हणून मी इतिहासाकडे वळले. संशोधकांनी पैसे कसे मागितले, कोणाला मिळाले, कोणाला नाही, आणि ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली, हे शोधायला लागले.

आपल्याकडे पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं झालं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी. संशोधन पद्धतीच्या अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धती, संगणकाचा वापर, प्रकाशित संशोधनाचा आढावा अशा गोष्टी आल्या. पुढे संशोधन आणि प्रकाशनातली नैतिकता हा दोन क्रेडिटचा विषय सगळ्यांना लावला गेला. हे सगळं योग्यच आहे. पण नियमांच्या या यादीत पैसा नाही. पाच वर्षं संशोधन करून बाहेर पडणाऱ्या माणसाला काइ-स्क्वेअर चाचणी यावी अशी अपेक्षा आहे. अंदाजपत्रक यावं अशी नाही. आणि नोकरी लागली की पहिल्याच वर्षी त्याला विचारतात, "प्रोजेक्ट आणलात का?"

ही विद्या शिकवायची नसते, ती आपोआप येते, असा एक समज आहे. पूर्वी बाळंतपणाबद्दल असायचा तसा. काही ठिकाणी ती खरोखरच आपोआप येते. कुठे, ते पाहण्यासारखं आहे.

१९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स सायक्लोट्रॉन बांधत होता. तळहातावर मावणाऱ्या यंत्रापासून सुरुवात करून दर दोन-तीन वर्षांनी तो आणखी मोठं यंत्र मागायचा. मागायचा कोणाकडे? रिसर्च कॉर्पोरेशन नावाच्या धर्मादाय संस्थेकडे, विद्यापीठाकडे, श्रीमंत व्यक्तींकडे, आणि शेवटी रॉकफेलर फाउंडेशनकडे. तिथून १९४० साली १८४ इंची यंत्रासाठी साडेअकरा लाख डॉलर आले. आदल्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं होतं. अणूच्या गाभ्याचं कुतूहल प्रत्येक दात्याला असेलच असं नाही, हे लॉरेन्सला पक्कं ठाऊक होतं. म्हणून यंत्रातून मिळणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांचा आणि न्यूट्रॉनच्या झोताचा कर्करोगावर उपयोग होईल, हे तो ठासून सांगे. ते खोटं नव्हतं. त्याचा डॉक्टर भाऊ जॉन तिथेच त्यावर काम करत होता. पण सायक्लोट्रॉन काही त्यासाठी बांधला जात नव्हता.

या प्रयोगशाळेत रॉबर्ट विल्सन नावाचा एक विद्यार्थी होता. ३७ इंची सायक्लोट्रॉनचं एक रबरी सील त्याच्या हातून हरवलं. नेमकं त्याच वेळी संभाव्य दात्यासमोर यंत्र चालवून दाखवायचं होतं, आणि ते चाललं नाही. लॉरेन्सने विल्सनला काढून टाकलं. लुइस अल्वारेझने रदबदली केल्यावर परत घेतलं. मग वेल्डिंग करताना विल्सनने एक महागडी पक्कड वितळवली, आणि त्याला पुन्हा काढलं. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा तो प्रिन्स्टनला निघून गेला.

हा किस्सा सगळे विनोदी म्हणून सांगतात. मला तो अभ्यासक्रमासारखा वाटतो. रबराच्या एका चकतीचा आणि लाखभर डॉलरचा संबंध काय, हे त्या मुलाला कोणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. ते त्याला नोकरी जाऊन कळलं. याच विल्सनने पुढे शिकागोजवळची फर्मीलॅब उभी केली, मंजूर रकमेच्या आत आणि वेळेच्या आधी. १९६९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सिनेटर पास्टोरे त्याला विचारत होते की या त्वरकाचा देशाच्या संरक्षणाला काही उपयोग आहे का. शीतयुद्धाच्या दिवसांत 'आहे' म्हणणं अगदी सोपं होतं. विल्सनने नाही म्हणून सांगितलं; संरक्षणाशी थेट संबंध नाही, पण देश संरक्षण करण्यालायक ठरावा यात याचा वाटा आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. पैसे मिळाले. दात्याच्या आवडीचं तेवढंच बोलायचं, ही लॉरेन्सच्या घराण्यातली तालीम. शिष्याने ती उचलली नाही, आणि तरीही मैफल जिंकली. पण तो वाढला त्या घराण्यातच, हे विसरता येत नाही.

घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. जुन्या काळी उस्ताद चीज शिकवायचे नाहीत, शिष्याने ती तंबोऱ्यामागे बसून उचलायची. ज्याला मागे बसायला मिळालं त्याला ती मिळाली. विज्ञानातली पैशाची विद्या अजून त्याच पद्धतीने जाते. मोठ्या संस्थेत मोठ्या गाइडकडे पीएचडी करणारा मुलगा प्रस्तावांचे मसुदे टाइप करतो, परीक्षकांचे शेरे वाचतो, खरेदी समितीच्या बैठकीला फाइल घेऊन जातो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात, जिथे गाइडलाच आयुष्यात एखादं लहान अनुदान मिळालं असेल, तिथल्या मुलीला यातलं काहीही दिसत नाही. दोघांची पदवी मात्र एकच.

भारतात या गोष्टीची सुरुवात दोन वेगळ्या तऱ्हांनी झाली, आणि योगायोग असा की दोन्ही कर्ते पुरुष १९०४ सालीच गेले.

पहिले कलकत्त्याचे डॉक्टर महेंद्रलाल सरकार. भारतीयांनी स्वतः विज्ञान करावं, त्यासाठी राष्ट्रीय संस्था हवी, असा लेख त्यांनी १८६९ मध्ये लिहिला. वर्गण्या जमवत जमवत १८७६ मध्ये बऊबाजार स्ट्रीटवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी राहिली. इमारत झाली, उपकरणं आली, व्याख्यानं सुरू झाली. पूर्ण वेळ संशोधन करणारे प्राध्यापक नेमायला लागणारा कायमचा निधी मात्र त्यांच्या हयातीत जमलाच नाही. अखेरच्या वर्षांत ते निराश होते. सरकारांना लोकांकडून पैसे मिळाले ते वास्तूसाठी. माणसांच्या पगारासाठी मिळाले नाहीत. सव्वाशे वर्षांनंतरही देणगीदाराला दगडावर नाव कोरलेलं आवडतं. एखाद्या तरुण मुलीच्या पाच वर्षांच्या पगारावर कुठे कोरणार?

दुसरे जमशेटजी टाटा. १८९८ मध्ये त्यांनी संशोधन विद्यापीठासाठी तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. पण त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, जी मला त्या तीस लाखांइतकीच मोलाची वाटते. बुरजोरजी पादशाह या आपल्या विश्वासू सहकाऱ्याला त्यांनी दीड वर्ष युरोप-अमेरिकेत पाठवलं, फक्त तिथली विद्यापीठं कशी चालतात ते पाहायला. पादशाहांचं नाव आज फार जणांना माहीत नाही. ते शास्त्रज्ञ नव्हते, दातेही नव्हते. योजना लिहिणं, समित्या चालवणं, सरकारी शंकांना उत्तरं देणं, हे त्यांचं काम. शंकाही थोड्याथोडक्या नव्हत्या. नव्याने आलेल्या व्हाइसरॉय कर्झनला ही कल्पनाच पटेना: एवढे विद्यार्थी येणार कुठून, शिकून त्यांना नोकऱ्या कोण देणार? मग विल्यम रॅमझी येऊन पाहणी करून गेले, पुढे मॅसन आणि क्लिबोर्न यांची समिती बसली, म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली. जमशेटजी वारले तेव्हा काहीही उभं नव्हतं. सरकारी आदेश निघाला तो १९०९ मध्ये, आणि पहिले विद्यार्थी आले १९११ मध्ये. इतकी वर्षं ती फाइल जिवंत ठेवली कोणी, हा प्रश्न मी वर्गात विचारते. उत्तर कोणालाच येत नाही, कारण अशा माणसांचे पुतळे नसतात.

सरकारांच्या रिकाम्या प्रयोगशाळेचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १९०७ मध्ये अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी कचेरी सुटल्यावर तिथे येऊन प्रयोग करायला लागला, आणि १९२८ मध्ये त्याच जागी रामन परिणाम सापडला. म्हणजे वास्तूसाठी मिळालेले पैसे वाया गेले नाहीत, पण त्यांना फळ येण्यासाठी पगार दुसरीकडून मिळणारा एक चंद्रशेखर वेंकट रामन लागला. हिशेबखात्यात काम केलेल्या या माणसाला सरकारी पैशाचा पुढे इतका तिटकारा आला की १९४८ मध्ये काढलेल्या स्वतःच्या संस्थेसाठी त्याने तो घेतलाच नाही. सरकारी अनुदान सुरू झालं ते रामन गेल्यानंतर. त्याच काळात शांतिस्वरूप भटनागर नेमक्या उलट वाटेने चालले होते. लाहोरला असताना स्टील ब्रदर्स या कंपनीची तेलविहिरींतल्या चिखलाची अडचण त्यांनी सोडवली. कंपनीने दिलेले दीड लाख रुपये त्यांनी स्वतःकडे न ठेवता विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाकडे वळवले. पुढे सीएसआयआर त्यांच्याच हातून वाढली. पुण्यात १९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली. मालवणात जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं कलकत्ता विद्यापीठात गेली होती, आणि संस्थेच्या इंग्रजी नावात बऊबाजारच्या त्या संस्थेची सावली सरळ दिसते. लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना मला महेंद्रलाल सरकार आठवतात ते यामुळे.

आता होमी भाभा. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं. टीआयएफआरचा जन्म त्या पत्रात आहे. हे पत्र मी वर्गात ओळीने वाचून घेते. 'टाटांशी ओळख होती म्हणून मिळाले पैसे' हा शेरा दरवर्षी येतो, आणि तो बरोबरच आहे. ओळख होतीच, नातंही होतं. पण त्याआधी भाभांनी जेआरडींना लिहिलं होतं तेव्हा जेआरडींनी त्यांना सांगितलं ते हेच, की ठोस प्रस्ताव मांडा. ओळखीने दार उघडलं, आत जाऊन ठेवायला कागद लागलाच. त्या कागदात काय आहे? भौतिकशास्त्राच्या मूलभूत प्रश्नांवर काम करणारी मोठी शाळा देशात नाही. चांगली माणसं विखुरलेली आहेत, एकत्र आणली तर याहून चांगलं काम करतील. आणि अणुऊर्जा वीसेक वर्षांनी प्रत्यक्षात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावं लागू नये. लक्षात घ्या, हे हिरोशिमाच्या आधीचं पत्र आहे. त्यात भाभांनी एकाही विशिष्ट शोधाचं आश्वासन दिलेलं नाही. दिलं आहे ते माणसं तयार करण्याचं. सरकारांना जे मागता आलं नाही, किंवा मागूनही मिळालं नाही, ते इथे पहिल्याच पत्रात मागितलं आहे.

त्यानंतर सतरा वर्षांनी भाभा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार तरुण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी भारतातल्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांना एक संयुक्त प्रस्ताव पाठवला: आम्ही चौघं एकत्र परत येतो, आम्हाला गट म्हणून काम करू द्या. गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची तार आली की गट स्थापन करायचं ठरलं आहे, पत्र मागाहून येतंय. अशी तार आज कोणाला आली तर ती बनावट आहे असं समजून तो पोलिसांत जाईल.

चौघांपैकी इथे खरी मुळं धरली ती गोविंद स्वरूप यांनी. आणि त्यांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त वेळ शिकवावीशी वाटते, कारण त्यात मागण्याइतकंच 'भागवणं' आहे. १९५० च्या दशकात सिडनीला असताना तिथे मोडीत निघणाऱ्या सहा फुटी तबकड्या त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या. तबकड्या फुकट मिळाल्या. अडलं ते आणण्याच्या खर्चावर आणि परकीय चलनावर. अखेर त्या दिल्लीला पोचल्या. त्यांतल्या ३२ तबकड्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या आणि सूर्याचा वेध घेऊ लागल्या. उपकरण जुनं होतं, पण नुकतीच पदवी घेतलेली मुलं त्यावर जोडणी करायला, जुळवायला, मोजायला शिकली.

मग ऊटीची दुर्बीण. विषुववृत्ताजवळच्या देशाला श्रीमंत देशांची नक्कल परवडणार नव्हती. स्वरूप यांनी अशी टेकडी शोधली जिचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असं पन्हळीच्या आकाराचं अन्वस्त ठेवलं की त्याचा आस आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. मग एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन् तास पकडून ठेवता येतो. महागडी यंत्रणा लागणार होती, तिचं काम टेकडीने केलं. १९७० मध्ये ती दुर्बीण सुरू झाली. अंदाजपत्रक म्हणजे रकान्यांत आकडे भरणं, असं मानणाऱ्यांना मी हा उतार दाखवते. पैशाची मर्यादा इथे भूमितीत उतरली आहे.

आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी याच माणसाची. १९८४ मध्ये पहिली कल्पना आली तेव्हा तीत पुन्हा पन्हळीच होत्या. मग तबकड्यांचा विचार आला. ४५ मीटर व्यासाची तबकडी घन पत्र्याची केली तर वारा झेलायलाच ढीगभर पोलाद लागतं. म्हणून दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवली; वारा आरपार जातो, वजन उतरतं, खर्च उतरतो. तबकड्या ३४ असायच्या होत्या, खर्च वाढला तशा ३० झाल्या. चौदा मध्यभागी, सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन हातांवर. हा आकडा कमी करण्याचा निर्णय विद्यार्थ्यांना फार शिकवून जातो. कोणत्या चार गेल्या तर विज्ञान टिकेल, हे ठरवायला विज्ञानच यावं लागतं; ते लेखापाल ठरवू शकत नाही. आणि चार सोडल्याच पाहिजेत, हे शास्त्रज्ञ आपणहून सहसा ठरवत नाही. ऊटीच्या दिवसांत तरुण असलेले विजय कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. इथेही घराणंच आहे. चांगलं घराणं आहे, पण त्यात शिरायला कल्याणच्या त्या शेतात असावं लागत होतं.

या सगळ्यावर माझ्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असा की हे शिकवून तू शास्त्रज्ञ नाही, कंत्राटदार तयार करशील. ते ऑटो वारबुर्गची आख्यायिका सांगतात: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत संशोधनासाठी स्थापन झालेल्या नोटगेमाइनशाफ्टकडे त्याने एका ओळीचा अर्ज केला, मला दहा हजार मार्क हवेत, खाली सही, आणि ते मिळाले. गोष्ट खरी असो वा नसो, ती नेहमी वारबुर्गचीच असते. त्याच्या मदतनिसाने एका ओळीचा अर्ज केला असता तर काय झालं असतं, याची आख्यायिका नाही.

लिओ झिलार्डचा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. अणुसाखळीची कल्पना सुचलेला हा माणूस. १९४८ मध्ये त्याने 'द मार्क गेबल फाउंडेशन' नावाची उपहासकथा लिहिली. विज्ञानाची गती कमी करायची आहे असं म्हणणाऱ्या एका धनिकाला कथेतला निवेदक उपाय सांगतो: भरपूर पैसे देणारी एक संस्था काढा. उत्तमातले उत्तम शास्त्रज्ञ तिच्या समित्यांवर बसवा, म्हणजे ते प्रयोगशाळेतून उठतील. उरलेले अनुदान मिळेल अशाच विषयांमागे लागतील. हळूहळू सगळं सुकून जाईल. कथा लिहिली गेली तेव्हा अमेरिकेत युद्धानंतरची अनुदान पद्धत नुकती आकार घेत होती. एनआयएचचे परीक्षक गट बसू लागले होते, एनएसएफची स्थापना व्हायला दोन वर्षं होती. झिलार्डने जे पाहिलं ते खरं झालं नाही असं कोण म्हणेल? म्हणून ही कथाही मी वाचायला देते, शेवटच्या नाही, दुसऱ्याच आठवड्यात. व्यवस्थेचं हसू येणं हाही तिच्यात टिकण्याचा एक मार्ग आहे.

ब्रिटनमध्ये २००२ मध्ये सर गॅरेथ रॉबर्ट्स यांचा अहवाल आला. पीएचडी झालेल्यांना प्रयोगशाळेबाहेरचं काही येत नाही, दरवर्षी निदान दोन आठवडे त्यांना प्रशिक्षण द्या, असं त्यात म्हटलं होतं. सरकारने त्यासाठी काही वर्षं वेगळे पैसेही दिले, आणि लोक त्यांना 'रॉबर्ट्स मनी' म्हणायला लागले. प्रशिक्षणासाठी नेमकं नाव घेऊन रक्कम बाजूला काढणं, एवढंच आपण त्यातून उचललं तरी पुष्कळ. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा झाली, त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून यायचा आहे. राज्यांतल्या विद्यापीठांपर्यंत पैसा पोचवायचा, हाही हेतू सांगितला गेला. पैसा पोचेलही. तो मागता येणारी आणि सांभाळता येणारी माणसं तिथे आधी पोचली आहेत का, हा माझा शनिवारचा प्रश्न.

कारण सांभाळणं मागण्याहून अवघड. प्रस्ताव लिहिताना उपकरणाची किंमत युरोत घेतलेली असते. मंजुरी येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं, रुपया घसरतो. त्यात २०२२ च्या जुलैपासून संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी जीएसटीची सवलत गेली आणि ५ टक्क्यांचे १८ झाले. ज्यांची यंत्रं तेव्हा वाटेत होती त्यांनी काय केलं असेल? उपभोग्य वस्तूंच्या रकान्यातून काढून उपकरणांत घालता येत नाही. भांडवली खर्च वेगळा, चालू खर्च वेगळा. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही की पुढचा हप्ता थांबतो. हप्ता थांबला की प्रकल्पावरच्या मुलाचा पगार थांबतो. कागदावर ज्युनियर रिसर्च फेलोचे महिना ३७,००० रुपये असतात. सहा-सात महिने ते न येता खोलीचं भाडं देणारी मुलं मी पाहिली आहेत, एकदा तर फक्त एका सहीसाठी. ती मुलं व्यवस्थेला शिव्या देतात. पण कोणती फाइल कुठे अडली आहे, ती कोणत्या नियमाखाली अडली आहे, आणि कोणाला कोणत्या भाषेत पत्र लिहिलं तर ती सुटेल, हे त्यांना माहीत नसतं, कारण ते कोणी सांगितलेलंच नसतं. ज्याला माहीत असतं त्याचा पगार निघतो.

म्हणून परीक्षेला मी निबंध ठेवत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या विषयावरचा तीन वर्षांचा प्रकल्प मांडायचा, अंदाजपत्रकासह, आणि मग मी सांगते की तीस टक्के कापले आहेत, सोमवारी नवीन मसुदा आणा. काय कापलं यावरून कळतं की प्रश्न किती समजला आहे. बहुतेक जण आधी प्रवासखर्च कापतात, मग मदतनीस. उपकरण कोणी सोडत नाही.

गेल्या वर्षी लातूरकडच्या एका मुलीने उपकरण सोडलं. मातीतल्या जिवाणूंवर तिचं काम. दीडशे किलोमीटरवरच्या संस्थेत ते यंत्र आहे, तिथे तासाच्या दराने मोजून घेईन, म्हणाली. दरपत्रक जोडलं होतं. आणि वाचलेल्या पैशांतून तिने मनुष्यबळाच्या रकान्यात एक नवी ओळ घातली होती: हिशेब आणि खरेदी सांभाळणारी व्यक्ती, अर्धवेळ. मी म्हटलं, अर्जाच्या नमुन्यात असं पद नाही, हे उडवतील. त्याच आठवड्यात आम्ही भाभांचं जानेवारी १९६६ मधलं मुंबईतलं भाषण वाचलं होतं, विमान अपघातात ते गेले त्याच्या दोन-अडीच आठवडे आधीचं. आपल्याकडे विज्ञानाच्या वाढीत शास्त्रज्ञांच्या तुटवड्यापेक्षा मोठा अडसर आहे तो विज्ञानाला साजेशा प्रशासनाच्या अभावाचा, असं त्यात ते म्हणतात. तिने ते पान समर्थनाच्या रकान्यात संदर्भ म्हणून दिलं होतं.

"उडवू दे, मॅडम," ती म्हणाली. "कोणत्या नियमाखाली उडवलं ते लेखी मागेन."